गंगाराम : एका मधल्या नावाचा इतिहास

मराठी नावात मधला शब्द बापाचा असतो. शाळेच्या हजेरीपटावर, बँकेच्या पासबुकावर, परीक्षेच्या प्रवेशपत्रावर आपण तो इतक्या सवयीने लिहितो की वाचायचे विसरूनच जातो. आजच्या थ्रेडमध्ये असा एकच शब्द सावकाश वाचायचा आहे. शब्द आहे 'गंगाराम'. तो कविवर्य नारायण सुर्वे यांच्या नावात मधोमध उभा आहे.

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) तुम्हाला पाठ्यपुस्तकातून भेटलेले असतील. 'ऐसा गा मी ब्रह्म', 'माझे विद्यापीठ', 'जाहीरनामा', 'सनद' हे त्यांचे संग्रह. १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर केलेल्या चित्रपटाचे शीर्षक पूर्ण नावाचे आहे, 'नारायण गंगाराम सुर्वे'. त्या शीर्षकातून मधला शब्द गाळला असता तर निम्मा इतिहास गळाला असता, असे मला वाटते.

हकिकत थोडक्यात अशी. १९२६ च्या सुमारास चिंचपोकळीच्या एका कापडगिरणीसमोर नुकतेच जन्मलेले एक मूल टाकून दिलेले होते. ते गंगाराम कुशाजी सुर्वे या गिरणी कामगाराच्या नजरेस पडले. त्याने ते उचलले आणि घरी नेले. गंगाराम वूलन मिलच्या स्पिनिंग खात्यात होता. त्याची बायको काशीबाई कमला मिलमध्ये. दोघांनी मुलाला वाढवले, नाव दिले, महापालिकेच्या शाळेत घातले. पुढे १९३६ मध्ये गंगाराम गिरणीतून निवृत्त झाला आणि कोकणात आपल्या गावी निघून गेला. मूल तेव्हा दहा वर्षांचे होते. ते मुंबईतच राहिले. जाताना गंगारामने त्याच्या हातावर दहा रुपये ठेवले.

ही गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते. एका सांगण्यात गंगाराम देवमाणूस असतो आणि शेवटचे दहा रुपये घाईने उरकले जातात. दुसऱ्यात त्याच दहा रुपयांवर सगळा प्रकाश पडतो आणि 'पुन्हा टाकले' असा निवाडा होतो. दोन्ही सांगण्यांत गिरणगाव मात्र मागच्या पडद्यासारखे नुसते टांगलेले असते. ते पुढे आणले, की हा माणूस वेगळाच दिसू लागतो.

सुरुवात मूल उचलण्यापासून करू. १९२६ च्या गिरणगावात तान्हे मूल घरी आणणे म्हणजे नेमके काय होते?

मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१–२२ मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्या पाहणीत सुमारे ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. कुटुंबाची महिन्याची सरासरी कमाई साधारण ५० रुपये होती. ही कमाई घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांची मिळून आहे, एकट्या गड्याची नव्हे. त्याच सुमाराची, १९२१ सालची, शहराची बालमृत्यूची आकडेवारी पाहिली तर हात थबकतो. नोंदवलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. (हा आकडा जसाच्या तसा उचलू नका. बाळंतपणासाठी बायका गावी जात, जन्म तिकडे नोंदला जाई आणि मूल घेऊन त्या परत आल्यावर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. हे लक्षात घेऊन आकडा कितीही खाली आणला, तरी तो भयंकरच राहतो.)

गिरण्यांतल्या कामगारांत त्या काळी साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंगच्या खात्यांत असत. पाळणाघरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी चाटवून निजवण्याची रीत इतकी रूढ होती, की सरकारी अहवालांतूनही तिची नोंद आहे. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा यायला अजून तीन वर्षे होती. तो १९२९ चा. तो आधी आला असता तरी काशीबाईंना त्याचा उपयोग नव्हता, कारण त्या प्रसूत झालेल्याच नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभे राहणाऱ्या बाईच्या खोलीत एके दिवशी नवऱ्याने मूल आणून ठेवले. या गोष्टीत गंगारामचे नाव मधल्या पदावर राहिले; काशीबाईंसाठी आपल्या नावांच्या पद्धतीत जागाच नव्हती. कमला मिल हे नाव तुमच्यापैकी अनेकांना २९ डिसेंबर २०१७ च्या आगीमुळे ठाऊक असेल. उपाहारगृहे आणि कार्यालये थाटलेले ते आवार एकेकाळी काशीबाईंसारख्या बायकांच्या कामाची जागा होती.

आणि ही पन्नास रुपयांची कमाईही दर महिन्याला हाती येईलच असे नव्हते. मूल सापडले त्याच्या आदल्या वर्षी, १९२५ मध्ये, साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध शहरातल्या कापडगिरण्या अडीच-तीन महिने बंद होत्या. सरकारने कापडावरचा अबकारी कर स्थगित केल्यावर मालकांनी कपात मागे घेतली आणि तो संप सुटला. मूल दीड वर्षाचे असताना १९२८ चा प्रचंड संप झाला. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. १९२९ मध्ये पुन्हा संप, १९३४ मध्ये पुन्हा. वाण्याची उधारी आणि गावाकडचे भात यांच्या जोरावर हे संप लढले गेले. आपण त्या काळाचा अभ्यास डांगे, जोगळेकर, फॉसेट समिती, मीरत खटला अशा नावांनी करतो. पण दीड वर्षाच्या मुलाला सहा महिने बिनपगारी घरात खाऊ घालणे हाही त्या संपाचाच भाग होता, आणि ते कमला मिलसारख्या कापडगिरणीतल्या बाईच्या वाट्याला आले होते.

आता या हकिकतीतल्या सर्वांत दुर्लक्षित बाजूकडे येतो. ती जातीची आहे.

टाकलेल्या मुलाची जात कोणालाच ठाऊक नव्हती. १९२६ च्या गिरणगावात हा किरकोळ मुद्दा नव्हता. गिरणीत माणूस कामाला लागे तो जॉबरच्या मेहेरबानीने. जॉबर आपल्या गावची, नात्यातली, जातीतली माणसे आणी, आणि चाळीतल्या खोल्याही बहुधा त्याच ओळखीने मिळत. विणकाम खात्यात, जिथे पगार बरा होता, तिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचे उष्टे दुसऱ्याच्या ओठाला लागेल, हे त्यामागचे कारण. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. यंत्रांच्या खडखडाटातही विटाळ शाबूत होता. अशा वस्तीत, सामाईक नळाच्या आणि सामाईक गॅलरीच्या चाळीत, जात माहीत नसलेले मूल गंगारामने आपल्या ताटात जेवायला बसवले आणि त्याला आपले आडनाव लावले.

कायदाही त्याच्या बाजूने नव्हता. हिंदू कायद्यात दत्तक देण्याचा अधिकार फक्त जन्मदात्या आईबापांना होता. दत्तकविधीत 'देणे' आणि 'घेणे' अशी दोन्ही अंगे लागतात. जिथे देणारेच अज्ञात, तिथे दत्तक होणार कसे? एखाद्या जातीत वेगळी रूढी असेल तर गोष्ट निराळी, एरवी अनाथ मुलाचे दत्तक कायद्याने टिकत नसे. तुलनेसाठी महात्मा फुल्यांचे उदाहरण पाहा. १८७४ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतले, तेव्हा त्याची जन्मदाती, काशीबाई याच नावाची एक ब्राह्मण विधवा, समोर होती. गंगारामसमोर रस्ता होता आणि गिरणीचे फाटक.

म्हणजे नारायणाला त्याने दिलेले नाव धर्मशास्त्राने दिलेले नव्हते, कायद्याने नव्हते, जातीनेही नव्हते. ते एका कामगाराने केवळ उच्चारले म्हणून झाले.

त्या उच्चाराला पहिला कागद लाभला तो शाळेमुळे. मुंबईत सक्तीचे प्राथमिक शिक्षण प्रथम लागू झाले ते एफ आणि जी वॉर्डांत, १९२५ मध्ये. म्हणजे परळ, दादर, वरळी या गिरण्यांच्याच पट्ट्यात. कायदा झाला म्हणून सगळी मुले शाळेत गेली असे अजिबात नाही. घरी धाकटी भावंडे सांभाळायला, डबा पोचवायला मुले लागत. गंगारामने मात्र नारायणाला महापालिकेच्या शाळेत घातले आणि तो चौथीपर्यंत शिकला. नाव नोंदवताना मास्तर मुलाचे नाव विचारतात, मग बापाचे, मग आडनाव. एवढ्या तीन शब्दांनी जे झाले ते दत्तकविधीला करता आले नसते.

मग १९३६ येते.

'निवृत्त' हा शब्द आपण आजच्या अर्थाने वाचतो आणि फसतो. आपल्या डोळ्यांपुढे निरोपसमारंभ, शाल-श्रीफळ, महिन्याच्या पहिल्या तारखेचे पेन्शन असे काहीतरी येते. १९३६ च्या गिरणी कामगाराला कायद्याने यातले काहीही मिळत नव्हते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. गंगारामच्या पिढीतला माणूस निवृत्त होई म्हणजे त्याचे शरीर साच्याच्या वेगाला पुरे पडेनासे होई, एवढेच. त्यातून ती मंदीची वर्षे. १९३३–३४ मध्ये गिरण्यांनी पगार कापले होते. एका माणसाकडे अधिक साचे देण्याचा 'रॅशनलायझेशन'चा रेटा आधीपासून सुरूच होता. १९३५ मध्ये बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आली. फाटकावर तरुण हात रांगेत उभे असताना थकलेल्या माणसाला कोण ठेवून घेईल?

म्हणून माणूस गावी जाई. गाव हेच त्याचे पेन्शन होते, आणि त्याचे हप्ते त्याने आयुष्यभर मनीऑर्डरने भरलेले असत. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने मुंबईच्या कामगारांवर लिहिताना हे फार नेमकेपणाने मांडले. कामगार गावाशी नाते तोडत नाही, याचा अर्थ तो मनाने शेतकरीच राहिला आणि कारखान्याला सरावला नाही, असे जुने अभ्यासक मानत. चंदावरकरांनी ते उलटे करून दाखवले. शहरात म्हातारपणाची, आजारपणाची, बेकारीची कसलीच हमी नव्हती. शहरात टिकून राहायचे तर गाव राखून ठेवणे भाग होते. दोन लाखांहून अधिक रत्नागिरीकर त्या काळी मुंबईत होते. त्यातल्या बहुतेकांचा शेवट गावीच व्हायचा, हे चाळीत सर्वांना गृहीत होते.

पण गावच्या या पेन्शनवर नारायणाचा हक्क होता का? इथे मी तर्क करतो आहे आणि तो तर्क म्हणूनच वाचा. जे दत्तक कायद्याने झालेच नव्हते त्याच्यावर जमिनीतला वाटा मिळत नाही. चाळीत चाळीस घरांत चाळीस प्रश्न असतात, त्यात एक प्रश्न खपून जातो. गावात भाऊबंद असतात, देवळाचा मान असतो, पंक्ती असतात आणि 'हा कुणाचा?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो. मुंबईत उच्चारलेले नाव मुंबईतच चालणारे होते. गंगारामने मुलाला गावी नेले नाही, यात माया आटल्याचा पुरावा मला दिसत नाही. त्याच्याजवळ जे होते त्यातले देण्यासारखे एवढेच उरले असावे.

तरीही दहा वर्षांचे पोर एकटे मागे राहिले, हे सत्य कोणत्याही तर्काने सौम्य होत नाही. ते सौम्य करण्याचा मोह टाळला पाहिजे. गंगारामला समजून घेताना त्या पोराची रात्र विसरून चालणार नाही.

दहा रुपयांची किंमत किती? १९३२–३३ मध्ये लेबर ऑफिसने पुन्हा पाहणी केली, तेव्हाही कामगार कुटुंबाची महिन्याची सरासरी कमाई ५० रुपयांच्या आसपासच होती. म्हणजे एका सबंध कुटुंबाच्या महिनाभराच्या कमाईचा साधारण पाचवा हिस्सा. ज्याची स्वतःची कमाई थांबली आहे आणि पुढे कधीही सुरू होणार नाही, अशा माणसाच्या कनवटीतून निघालेले हे दहा रुपये आहेत. ते थोडे नव्हते. पुरेसे तर नव्हतेच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नारायण तेव्हा गिरणीत का गेला नाही? गिरणगावचे पोर, बाप गिरणीत, आई गिरणीत, मग तो सरळ साच्यावर का उभा राहिला नाही? कारण १९२२ पासून कारखाना कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी होती आणि १९३४ च्या नव्या कायद्यानेही तीच मर्यादा कायम ठेवली. आधीच्या पिढ्यांत नऊ वर्षांची पोरे कायदेशीरपणे गिरणीत राबत. त्या मानाने ही सुधारणा मोठीच होती. पण हा कायदा कारखान्याच्या फाटकाशी संपत होता. घरकाम आणि हॉटेल त्याच्या कक्षेत नव्हते. म्हणून नारायण घरगडी झाला, हॉटेलात कपबशा विसळणारा पोऱ्या झाला, मिळेल ते हरकाम करू लागला. पोराला गिरणीपासून वाचवणाऱ्या कायद्याने त्याला रस्त्यावर सोडले, असे म्हणणे कठोर होईल. पण रस्त्यावरच्या पोराचा त्याने विचार केला नव्हता, हे खरे आहे. पुढे वाढत्या वयात तोही गिरणीत आणि कारखान्यांत राबलाच.

त्यानंतरचे आयुष्य तुम्हाला कवीचे चरित्र म्हणून अन्यत्र वाचायला मिळेल. शाळेत शिपाई, मग राहिलेले शिक्षण पूर्ण करून १९६१ मध्ये महापालिकेच्या शाळेतच शिक्षक. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई सुर्वे यांचे आत्मकथन 'मास्तरांची सावली' मिळवून वाचा. कवीच्या घरातले दारिद्र्य कवितेपेक्षा त्यात अधिक उघडे दिसते.

१९६२ पाशी मात्र क्षणभर थांबू. त्या वर्षी 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी संसदेने १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात दुरुस्ती केली. ज्या मुलाचे आईबाप कोण हेच ठाऊक नाही, अशा मुलालाही न्यायालयाच्या परवानगीने पालकाकरवी दत्तक देता येईल, हे प्रथमच त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आले. हा योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. कालगणना मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गंगारामने जे १९२६ मध्ये चिंचपोकळीच्या रस्त्यावर केले, तिथपर्यंत यायला कायद्याला छत्तीस वर्षे लागली.

गिरणी कामगारांच्या इतिहासात वारसाचा हा प्रश्न आजही संपलेला नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या आणि त्या जमिनींवरच्या घरांत कामगारांचा वाटा ठरला. म्हाडाने २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत काढली तेव्हा घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. पात्रतेची अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. तो हयात नसेल तर त्याचा वारस. मग कागद शोधणे आले. तिकीट नंबर, हजेरीपत्रक, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती आणि वारसाचा दाखला. कोकणातल्या, साताऱ्यातल्या, कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या त्या यासाठी. बाप गिरणीत होता हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. कागदावर मात्र त्याचे नाव एका अक्षराने चुकलेले निघते, किंवा मुकादमाने त्याला कामाला लावताना दुसऱ्याच कुणाच्या नावावर लावलेले असते.

गंगारामची गिरणी, त्याचा काळ आणि त्याचा मुलगा यांतले काहीही या नियमांत बसणारे नाही. त्याच्यासाठी ते केलेलेही नव्हते. पण कल्पना करा, की असा एखादा वारस त्या खिडकीपुढे उभा आहे. त्याच्याजवळ जन्माचा दाखला नाही, दत्तकपत्र नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. शाळेचा दाखला तेवढा आहे, इयत्ता चौथीपर्यंतचा. त्यावर बापाच्या जागी लिहिले आहे, गंगाराम.